ओठ मिटा, दात सुटे ठेवा

४ मार्च, मंगळवार

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दुखतं कधी, किती आणि काय करताना, हे रोज लिहून ठेवा. म्हणून ही वही. दुकानातूनच आणली. पहिल्या पानांवर कुणाकुणाच्या कमरेची आणि बाह्यांची मापं आहेत, ती तशीच राहू दिली. ती माणसं एव्हाना बारीक-जाड झाली असतील.

तर, डावा कान. कानाच्या पुढे, चष्म्याची दांडी जिथे टेकते त्याच्या जरा खाली. तिथून कळ निघते ती कानशिलात जाते. सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त. तोंड मोठं उघडलं की कट् असा आवाज होतो, तो बाहेरच्यालाही ऐकू येत असावा.

डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "कान अगदी स्वच्छ आहे हो तुमचा." जणू मी शाबासकी घ्यायलाच गेले होते. म्हटलं, "मग दुखतं काय?" तर म्हणाले, "बहुतेक जबड्याचा सांधा. दातांच्या डॉक्टरांना दाखवा." म्हणजे मी महिनाभर कानात थेंब घालत होते ते चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातलंच.

६ मार्च, गुरुवार

दुखलं: सकाळी खूप, दुपारी कमी, संध्याकाळी पुन्हा. काय करताना: काम करताना.

काम काय, ते डॉक्टरांना कळावं म्हणून लिहिते. तयार कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी फिटिंगचं काम करते. गिऱ्हाईक आरशासमोर स्टुलावर उभं राहतं आणि मी खाली गुडघ्यांवर बसून त्याच्या पँटची, कोटाची, झग्याची उंची ठरवून टाचण्या लावते. टाचण्या तोंडात. ओठांत नव्हे, दातांत, कारण ओठांतल्या निसटतात. जिच्या हाताखाली मी काम शिकले ती म्हणायची, टाचण्या डबीत ठेवणारी बाई दिवसभर डबीच शोधते. तिच्या हाताखालच्या आम्ही सगळ्या दातांतच धरायचो, आणि मनगटावर टाचण्यांची उशी बांधणाऱ्यांना नवशिक्या म्हणून हसायचो.

त्यामुळे कामावर मी बोलत नाही. आणि तोंडात टाचण्या असलेल्या बाईला लोक काय वाटेल ते सांगतात. नवरा कसा वागतो, सून काय बोलली, मुलगा कुठे फसला. मी "हं" म्हणते. हं म्हणायला दात उघडावे लागत नाहीत. एवढ्या वर्षांत अर्ध्या गावाचे संसार मी गुडघ्यांवर बसून ऐकले. माझं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तोंड कुठे रिकामं होतं!

मागच्या खोलीत आम्ही तिघं. मी, इस्त्रीवाला आणि कोट चढवून बघायला ठेवलेली बिनडोक्याची लाकडी बाई. तिला डोकं नाही, म्हणजे जबडाही नाही. मजेत आहे.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. दर रविवारी करते, दुपारच्या जेवणानंतर, नात झोपली की.

"आई, तुझा आवाज असा का येतोय? तोंडात काही आहे का?"

"काही नाही."

दुखण्याचं सांगितलं नाही. सांगितलं की लगेच "इकडे ये" सुरू होतं. इकडे म्हणजे तिच्या दोन खोल्यांत, नातीच्या शेजारी गादी घालून. मी येईन येईन म्हणते आणि दुसरं काहीतरी काढते. मग तिनेच विचारलं, "बाबांची खाट काढलीस का?" म्हटलं, "काढते." दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन, आणि दोन वर्षं मी काढतेच आहे.

ती खाट बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून आहे. लेक दहावीला होती त्या वर्षी हे आतल्या पलंगावरून उठून तिथे झोपायला गेले. म्हणाले, "मी घोरतो. तुझी झोप मोडते."

मी म्हटलं, "माझी नाही मोडत."

"मोडत असणार. तुला कळत नाही." एवढं बोलून उशी उचलली आणि गेले ते गेलेच.

हे डॉक्टर कशाला वाचायला बसणार आहेत, म्हणून लिहितेच. हे घोरत नव्हते. एकाही रात्री नाही. शाळेची बस चालवायचे, पहाटे उठायचे, आडवे झाले की ओंडका. बायकोजवळ झोपायचं नव्हतं तर तसं सांगायचं. घोरण्याचं खोटं कशाला? मी काही गळ्यात पडून रडणारी नव्हते. मीही दुसऱ्या दिवसापासून मधलं दार लावून घ्यायला लागले. लोकांना वाटायचं आमचं छान चाललंय. छानच चाललं होतं, भांडण नाही, तंटा नाही, मधे एक दार तेवढं.

ती खाट घरातून गेली की मला मोकळं वाटेल.

१२ मार्च, बुधवार

दातांची डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची आहे. हात गार, पण हलका. दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून म्हणाली, "हळूहळू आ करा." कट्. "हं," ती म्हणाली. म्हटलं, ही माझ्याच धंद्यातली दिसते.

मग आरसा घालून आत बघत बसली. "समोरच्या दाताला खाच पडलीये. काय चावता तुम्ही?"

"टाचण्या."

तिला वाटलं मी थट्टा करते. थट्टा नाही म्हटल्यावर खुर्ची जवळ ओढून नीट बसली. "आणि मागचे दात पार सपाट झालेत. झोपेत दात खाता का?"

"मला काय माहीत? मी झोपलेली असते."

हसली. "तुम्हाला नाही कळणार, पण घरच्यांनी सांगितलं असेल ना. मोठा आवाज होतो हो. शेजारच्या माणसाला झोपू देत नाही."

"शेजारी कुणी नसतं."

"आधी?"

"बरीच वर्षं नाही."

तिने कागदावर काहीतरी लिहिलं. मग सांगितलं की दात एकमेकांवर टेकायचे ते फक्त घास चावताना. एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे, जीभ टाळूला. मी दिवसा टाचण्या आवळते आणि रात्री दात घासते, सांध्याला सुट्टी म्हणून नाहीच. "ओठ मिटा, दात सुटे ठेवा," असं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, शाळेतल्यासारखं.

मी जन्मभर समजत होते की तोंड मिटणं म्हणजे दात मिटणं.

घरी येताना विचार करत होते, मी कुणावर दात खात असेन? खायचे तर ह्यांच्यावर. आणि ते तर आता नाहीत.

१३ मार्च, गुरुवार

दुखलं. टाचण्या दातांतच धरल्या. जित्याची खोड.

१८ मार्च, मंगळवार

आज सकाळी तोंडच उघडेना. जांभई द्यायला गेले आणि मध्येच अडकलं. करंगळी जाईल एवढीच फट. जोर लावला तर डोळ्यांत पाणी आलं. दातखीळ बसणं म्हणतात ते हे, एवढे दिवस नुसतं बोलण्यात वापरत होते.

दवाखान्यात फोन लावला. "हॅलो" सुद्धा धड निघेना. पलीकडची मुलगी म्हणाली, "सकाळी सकाळी थट्टा सुचते का?" आणि फोन ठेवून दिला. मग मी उगाचच वळून मागे बघितलं, कुणाच्या तरी हातात फोन द्यावा म्हणून. घरात दुसरं कुणी नाही हे काही मला नव्याने कळायचं नव्हतं. पण आज भीती वाटली. असं वाटलं की मी आत्ता इथे पडले तरी दुकानात मी कामाला आले नाही हे कळेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही, आणि मी तर तिथेही बोलत नाही.

बूट घालायला ह्यांच्या खाटेवर बसले. एवढ्याच कामाला येते ती. आणि चालत गेले.

डॉक्टरने गरम शेक दिला, मग हातमोजे घालून दोन्ही अंगठे आत घातले आणि खाली दाबत, बोलत, दाबत, बराच वेळ घालवला. शेवटी दोन बोटं जाण्याइतकं उघडलं. मी रडले. दुखण्याने नव्हे. इतक्या वर्षांत माझ्या गालाला कुणी एवढा वेळ हात लावला नव्हता.

हे खरं नाही, लिहिताना आठवलं. लग्नानंतर पुष्कळ वर्षं हे पहाटे पहाटे माझ्या जबड्यावर तळवा ठेवायचे. अर्धवट झोपेत मला कळायचं. मी चिडून हात झटकायची, म्हणायची, "झोपू द्या की हो, हे काय वेळ-काळ न बघता." मग हात काढून घ्यायचे.

डॉक्टरने आठवडाभर मऊ खायला सांगितलंय. दुधात बुडवलेला पाव, केळं, सूप. आणि टाचण्या बंद.

"मग काम कसं करू?"

"मनगटावर उशी बांधा."

"ती नवशिके बांधतात."

"मग व्हा नवशिक्या," म्हणाली. कार्टी फटकळ आहे. मला आवडली.

२१ मार्च, शुक्रवार

मनगटावर उशी बांधून कामाला गेले. इस्त्रीवाल्याने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "ताई, नवीन घड्याळ का?"

दुपारी कोटवाली बाई आली. दरवर्षी नवा कोट घेते आणि दर कोटाबरोबर नवऱ्याचं गाऱ्हाणं. आजही तेच. "घरात एक शब्द बोलत नाहीत हो. भिंतीशी संसार केला मी." सवयीने हं म्हणणार होते, पण तोंड रिकामं होतं, आणि त्यातून निघून गेलं, "तुम्ही कधी विचारलंत का त्यांना?"

बाई स्टुलावरून पडता पडता राहिली. "अगं बाई! तुम्हाला बोलता येतं?"

"येतं की."

"मग एवढी वर्षं मी सांगत होते ते सगळं तुम्ही..." आणि कानापर्यंत लाल झाली. उरलेली बाही आम्ही दोघींनी गप्प राहून केली. नंतर मालक आत येऊन म्हणाले, "त्या बाईंचं म्हणणं आहे, तुमच्या तोंडात टाचण्या असलेल्या बऱ्या." इस्त्रीवाला हसून हसून बेजार.

त्याची आई आता त्याच्याकडे राहायला येणार आहे. त्याला एक खाट हवी आहे. मी म्हटलं, "माझ्याकडे आहे. बाहेरच्या खोलीतली. घेऊन जा." त्याने मेव्हण्याची गाडी मिळाली की रविवारी येतो म्हणून सांगितलं. एवढं सोपं होतं तर दोन वर्षं मी काय करत होते कोण जाणे.

२३ मार्च, रविवार

इस्त्रीवाल्याला गाडी अजून मिळाली नाही, पण खाट द्यायची म्हणून खालचं झाडून काढलं. ह्यांच्या जुन्या चपला, बसचा एक फुटका आरसा आणि मागे कोपऱ्यात उंदराचा सापळा.

सापळा बघून हसू आलं. लेक लहान होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी हे म्हणाले, "घरात उंदीर झालाय. रात्री कुरतडतो." मी म्हटलं, "मला तर कधी ऐकू आला नाही." तर सापळा घेऊन आले. रोज पावाचा तुकडा लावायचे, रोज सकाळी तुकडा तसाच. कपाटामागे लाव, पलंगाखाली लाव, असं किती दिवस चाललं. मी चेष्टा करायची, "तुमचा उंदीर फार शिकलेला दिसतो."

मग एक दिवस सापळा उचलून ठेवला. विचारलं, "सापडला का?"

"सापडला."

"दाखवा की."

"टाकला."

"कुठे टाकला?"

"टाकला म्हटलं ना." आणि पेपर वाचायला बसले. उंदीर म्हणे! आणि नंतरही मला कधी लेंडी दिसली नाही की कुरतडलेला कागद. पण ह्यांचं असंच. एकदा एखादी गोष्ट संपवली की संपवली.

तशीच दाराची गोष्ट. बाहेर झोपायला गेल्यावर रात्री मी मधलं दार लावायची, आणि सकाळी ते उघडं. रोज. "दार का उघडता?" तर म्हणे, "वारा खेळू दे." लांब जायचं आणि वर दारही लावू द्यायचं नाही. लोणी खायचं आणि ताकही सोडायचं नाही, असा प्रकार. मी पुन्हा लावायची, ते पुन्हा उघडायचे. मरेपर्यंत दोघांनी माघार घेतली नाही.

सापळाही खाटेबरोबर देऊन टाकीन.

२५ मार्च, मंगळवार

आज दातांचं माप दिलं. गार चिकट पीठ भरलेला साचा तोंडात दाबून धरला, ओकारी येते की काय असं झालं. आयुष्यभर मी लोकांची मापं घेतली, "हलू नका, श्वास घ्या" म्हणत. आज कळलं, हलू नका म्हटल्यावर किती हलावंसं वाटतं ते. या मापाचा नाइट गार्ड करणार आहेत, रात्री दातांवर चढवायचा.

थोड्या वेळाने त्याच मापात ओतून केलेला पांढऱ्या मातीच्या दातांचा नमुना तिने हातात दिला. माझे दात. सगळी टोकं झिजून सारख्या उंचीचे झालेले, कात्रीने कापल्यासारखे. "हे एका वर्षाचं काम नाही," डॉक्टर म्हणाली. "वीस-पंचवीस वर्षं तरी." मग म्हणाली, आवाज कसा आणि किती वेळ होतो ते ऐकायला मिळालं तर बरं. घरात कुणी नसेल तर मोबाइल उशाशी ठेवा, आवाज भरून घेता येतो.

"आणि वही आणलीत का? दुखण्याची?"

"हरवली," म्हटलं.

दुकानात इस्त्रीवाल्याने मोबाइलमध्ये ते सगळं लावून दिलं. झोपताना हे बटण दाबायचं म्हणाला.

२६ मार्च, बुधवार

बटण दाबून झोपले होते. सकाळी ऐकायचा धीर झाला नाही, म्हणून दुकानात घेऊन गेले. दुपारी मालक जेवायला गेल्यावर इस्त्रीवाल्याकडे दिला. त्याने इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले. "हे बघा ताई, रेघ जिथे उंच दिसते ना, तिथे आवाज आहे." तिथे बोट ठेवलं आणि मोबाइल कानाला लावला.

ऐकत राहिला. मग म्हणाला, "अहो ताई, तुमच्याकडे उंदीर झालाय. कपाट कुरतडतोय बघा कसा! सापळा लावा आधी."

माझ्या हातात कुणाची तरी विजार होती, ती मी खाली ठेवली.

"मोबाइल कुठे ठेवला होता?" त्याने विचारलं.

"उशीवर."

"मग उंदीर काय उशीवर चढून बसला होता?" असं म्हणून तो हसला. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला. मोबाइल माझ्या हातात दिला आणि इस्त्री उचलली.

मी कोपऱ्यात जाऊन ऐकलं. कर्र, कर्र, मग थांबतं, मग पुन्हा. सुकलेल्या लाकडात काहीतरी घुसल्यासारखं. माझ्या तोंडातून हे निघतं यावर विश्वास बसेना. मधेच मी स्वतःच सुस्कारा टाकते, तेव्हा ओळखलं, हो, ही मीच.

सापडला, म्हणाले होते. टाकला, म्हणाले होते.

२७ मार्च, गुरुवार

दुखलं. बाकी काही लिहायचं नाही.

३० मार्च, रविवार

लेकीचा फोन. तिने हॅलो म्हणायच्या आत मी विचारलं, "मी झोपेत दात खाते, हे तुला माहीत होतं?"

लेक म्हणाली, "आई, ते सगळ्यांना माहीत होतं."

"सगळे कोण? घरात माणसं किती, तीन."

"म्हणजे, बाबांना आणि मला."

"आणि मला कोण सांगणार होतं? शेजारी?"

"मी सांगणार होते. रात्री पाणी प्यायला उठले की ऐकू यायचं. बाबांना म्हटलं, आईला डॉक्टरकडे ने. तर माझ्यावर ओरडले. बाबा कधी ओरडायचे का? तेव्हा ओरडले. म्हणाले, 'तिला कळलं की आपल्यामुळे कुणाची झोप मोडते, तर ती झोपायचीच नाही. रात्रभर टक्क जागी बसेल. दिवसभर गुडघ्यांवर असते ती. झोपू दे तिला.'"

खरं आहे, मी बसले असते जागी.

"मग खाटेचं खूळ कशाला?"

"बस चालवायची होती ना, आई. एकदा सिग्नलला त्यांना डुलकी लागली. मागच्या गाडीने भोंगा वाजवला म्हणून जाग आली. बसमध्ये पोरं होती. काही झालं नाही, पण फार घाबरले होते. त्या रात्रीपासून बाहेर झोपायला लागले."

"आणि मला म्हणे, मी घोरतो."

"हो. मला म्हणाले होते, तसंच सांगितलंय म्हणून."

मग मला इतका राग आला की जबडा दुखायला लागला. म्हटलं, "सांगायला काय झालं होतं? टाचण्या माझ्या तोंडात होत्या, त्यांच्या नव्हत्या!" लेक रडायला लागली. मग नात उठली. मग आम्ही दोघींनी फोन ठेवला.

माझी झोप जपली म्हणे. हो, जपली. आणि मी इतकी वर्षं रोज रात्री त्या पलंगावर एका कडेला झोपून हाच विचार करत होते की माझ्यात काय कमी पडलं. कधी वाटायचं माझं वय दिसायला लागलं, कधी वाटायचं अंगाला टाचण्यांचा, लोखंडाचा वास येत असेल. एकदा नवीन साबण आणला होता. तो आणला का, हे ह्यांनी विचारलंही नाही आणि मी सांगितलंही नाही. एक वाक्य पुरलं असतं. तू दात खातेस गं. बस्स. मी चिडले असते, चार दिवस अबोला धरला असता, डॉक्टरकडे गेले असते आणि हे आत झोपले असते.

पण कुणाला बोलू? आपलेच दात, आपलेच ओठ.

२ एप्रिल, बुधवार

नाइट गार्ड मिळाला. पारदर्शक आहे, छोट्या निळ्या डबीत ठेवायचा. घातला की तोंडात दुसऱ्याचं काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाली, पंधरा दिवसांत सवय होईल, आणि सांध्याला आराम पडेल. मग हसून म्हणाली, "आता कुणाच्याही शेजारी खुशाल झोपा. आवाज येणार नाही."

बिचारी चांगल्या मनाने म्हणाली.

६ एप्रिल, रविवार

आज इस्त्रीवाला खाट न्यायला येणार होता. सकाळपासून तिच्याकडे बघत बसले होते. राग गेला नव्हता. पण एक गोष्ट मनातून जाईना. निदान इथे तरी ह्यांना झोप लागत होती का? एवढं सगळं करून तेवढं तरी साधलं का?

मग एक वेडेपणा केला. आतल्या पलंगावर, माझ्या उशीवर मोबाइल ठेवला आणि त्यातला माझा आवाज चालू केला, साधारण खरा असतो तेवढा. मधलं दार लावलं. बाहेर येऊन ह्यांच्या खाटेवर आडवी झाले. पहिल्यांदाच. माझे पाय पुरतात, ह्यांचे बाहेर येत असणार.

काही ऐकू येत नव्हतं. कान देऊन ऐकलं. घड्याळ, खालच्या रस्त्यावरची सायकल, नळाचा थेंब. आतलं काही नाही. जुनं जाड दार आहे. म्हटलं, चला, इथे माणसाला गाढ झोप लागली असती. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मग उठले आणि दार उघडलं, जसं सकाळी सापडायचं तेवढंच, हातभर. पुन्हा आडवी झाले.

कर्र. कर्र. घड्याळापेक्षा मोठा. थांबला की वाट बघत राहावंसं वाटतं, आणि पुन्हा सुरू झाला की कळतं की आतलं माणूस ठीक आहे.

मी रोज दार लावायची. ते लागलेलं असतं तर ह्यांना रात्रभर सुखाची झोप मिळाली असती, त्यासाठीच तर बाहेर आले होते. आणि रोज उठून हे उघडत होते. वारा खेळू दे म्हणे. आतल्या खोलीच्या खिडकीपुढे शेजारच्या इमारतीची भिंत आहे. तिकडून एवढ्या वर्षांत कधी वारा आलेला नाही.

किती वेळ पडून होते माहीत नाही. बेल वाजली. इस्त्रीवाला आणि त्याचा मेव्हणा. मी उठून आत गेले, मोबाइल बंद केला, डोळे पुसले आणि बाहेर येऊन सांगितलं, "खाट देत नाही. आतला पलंग ने."

"ताई, पलंग? तो तर दोघांचा आहे."

"म्हणूनच म्हणते, आई ऐसपैस झोपेल. दोन तुकडे होतात, गाडीत मावेल."

"आणि तुम्ही?"

"मला ही पुरते."

तो काहीतरी बोलणार होता, पण मोठा समंजस आहे. पलंगाचे नट सोडवायला लागला. सापळा मात्र दिला नाही. परत खाटेखाली ठेवला.

७ एप्रिल, सोमवार

दुखलं: थोडं. सकाळी नाइट गार्ड जागेवरच होता.

काल खाटेवर झोपले. सवयीने मधलं दार लावलं आणि पडले. ओठ मिटले, दात सुटे ठेवले. झोप येईना. मग उठले आणि दार उघडून आले, हातभर. आत आता कुणी नाही, काही नाही, पलंगाच्या पायांचे चार डाग आहेत फरशीवर.

तरी उघडंच ठेवलं. वारा खेळू दे.